पाकिटातलं नाव

हेमचंद्र राजवाड्यांना आपली बायको ओळखू येत नव्हती, पण ही कुणीतरी भली बाई आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मृणालने सकाळी चहाचा कप हातात दिला की ते अदबीने म्हणत, "तुम्ही कशाला तसदी घेतलीत? बसा ना." उभ्या संसारात त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ते मागच्या होळीनंतर सुरू झालं, आणि तिचं नाव तर त्याच्याही आधी गेलं. ते बरे होतील ही आशा मृणालने केव्हाच गुंडाळून ठेवली होती. तिला आता एवढंच हवं होतं, की या माणसाच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकावं.

नावं विसरणं दुसऱ्या कुणाला शोभलं असतं. राजवाड्यांचं सगळं आयुष्य लोकांची नावं घेण्यात गेलं होतं.

साताऱ्याचा हा बँकवाला बदलीवर लखनौला आला, आलमबागच्या शाखेत बसला आणि तिथल्या बोलीच्या असा काही प्रेमात पडला की मृणाल म्हणायची, याच्यापेक्षा सवत आणली असतीत तर स्वयंपाकाला तरी हातभार लागला असता. त्या काळी 'सुवर्णचित्र' पुरस्कारांचा सोहळा दर हिवाळ्यात लखनौला व्हायचा. देशभरातले नट-नट्या यायचे, आणि निवेदनालाही एखादा नामांकित नटच असायचा. एका वर्षी तो धुक्यामुळे दिल्लीतच अडकला. बँकेच्या संमेलनात राजवाड्यांचा आवाज ऐकलेल्या कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं, आणि यांना उसना कोट चढवून माइकसमोर उभं केलं. पुढच्या वर्षी धुकं नव्हतं, नट वेळेवर आला होता, तरी लोकांनी राजवाडेच मागितले.

त्यांची एक रीत होती. नामांकन मिळालेल्या प्रत्येकाच्या घरी ते स्वतः फोन करत, आई नाहीतर वडील फोनवर आले की विचारत, "घर में कैसे बुलाते हैं, ज़रा बोलकर सुनाइए।" मग मृणाल पोळ्या लाटता लाटता एकेक नाव त्यांच्याकडून घोटून घ्यायची. तमिळ, बंगाली, मणिपुरी, जे असेल ते. माणसाचं नाव धड घेता येत नसेल तर त्याला बक्षीस कसलं देता, असं ते म्हणत. मग चॅनेलवाले आले, सोहळा लखनौहून उठून मोठ्या शहरांकडे आणि तिथून परदेशी गेला. निवेदनाला दोन-दोन हीरो उभे राहू लागले. एकमेकांची टिंगल करायची, पहिल्या रांगेतल्यांची फिरकी घ्यायची आणि नाव चुकलं की त्यावरही हशा वसूल करायचा, अशी नवी पद्धत पडली. राजवाड्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

यंदा सोहळा लखनौला परतणार होता. आजवरच्या निवेदकांवर एक खास कार्यक्रम होता, म्हणून इंद्रजित नावाचा एक तरुण संयोजक वृंदावन योजना वसाहतीतल्या त्यांच्या फ्लॅटवर आला.

"सर, बस एक एन्वलप खोलना है," तो म्हणाला.

"ज़रूर। आप चाय लीजिए," हेमचंद्र इतक्या प्रसन्नपणे म्हणाले, की त्या पोराला कसलाही संशय आला नाही. मृणालनेही सांगितलं नाही.

संध्याकाळी त्यांची मुलगी हिमानी घरी आली. ती शहरातल्याच एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होती, आणि वडिलांच्या मेंदूचं काय झालंय हे तिला नको तितकं कळत होतं.

"आई, तू त्यांना सांगितलं का नाहीस? सबके सामने बाबा अटक गए तो? लोग हँसेंगे यार."

"हसू देत."

"तुला नक्की हवंय काय?"

"जिथे त्यांना नावं यायची, तिथे त्यांना एकदा नेऊन बघायचंय. एक नाव आलं तर त्याच्या मागून माझंही येईल."

हिमानी आईजवळ बसली. "ऐसा नहीं होता, आई."

"माहितीये मला," मृणाल म्हणाली. आपण नवऱ्याची अब्रू पणाला लावतोय हे तिला कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. तरी तिने त्यांचा बंद गळ्याचा कोट इस्त्रीला दिलाच.

सोहळ्याच्या दिवशी दोघी मायलेकी विंगेत उभ्या होत्या. दोन तरुण निवेदकांनी नामांकनं वाचली. त्यात एका तमिळ मुलीच्या नावाचे त्यांनी असे काही तुकडे केले की ती बिचारी कसनुसं हसली. मग हेमचंद्रांना माइकपाशी नेलं, आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

"हज़रात, अँधेरा हमारा, रोशनी आपकी।"

हे त्यांचं जुनं वाक्य. सभागृहातली जुनी माणसं उठून उभी राहिली. हेमचंद्रांनी पाकीट फोडलं, आतलं कार्ड पाहिलं आणि ते थांबले. असे ते पूर्वीही थांबत, लोकांचा जीव टांगणीला लावायला. लोकांना वाटलं, तेच चाललंय. मृणालने हिमानीचा हात घट्ट धरला.

"एळिलरसी," हेमचंद्र म्हणाले. कार्डावरचं अक्षर न् अक्षर त्यांनी स्वच्छ उच्चारलं. तीच तमिळ मुलगी रडतच मंचावर आली आणि आधी त्यांच्या पाया पडली.

विंगेत नुसती झुंबड उडाली. इंद्रजित "सर, कमाल कर दिया" म्हणत होता, हिमानी डोळे पुसत होती. मृणाल गर्दीतून वाट काढत नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला बराच वेळ उभं राहावं लागलं," ते म्हणाले. "खुर्ची मिळाली नाही का?"

घरी जाताना गाडीत मृणालच्या डोळ्यांसमोर ती बक्षीस घेणारी मुलगीच होती. कालपर्यंत कुठली कोण ती पोरगी, तिचा तिला चक्क हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी हिमानी कामावर गेली. हेमचंद्र बाल्कनीत चहा पीत बसले होते. मृणालने एका जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट शोधलं, कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं, आत घातलं आणि पाकीट त्यांच्या हातात देऊन ती समोरच्या खुर्चीत बसली. कागदावर लिहिलेलं तर ते कुणाचंही नाव वाचतील, हे तिला काल रात्रीच कळून चुकलं होतं. तरी तिला ते ऐकायचं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. उठून उभे राहिले, सदरा सारखा केला.

"और इस साल का पुरस्कार जाता है..." त्यांनी पाकीट उघडलं, कागद पाहिला, आणि थांबले.

"मृणाल."

अगदी तसंच. शेवटच्या अक्षरावर जरासं रेंगाळणारं, बँकेतून आल्यावर दारातूनच मारलेल्या हाकेसारखं. मृणालने पदर तोंडाशी धरला. जे मागितलं होतं ते मिळालं होतं.

"अहो," ती म्हणाली.

पण हेमचंद्र तिच्याकडे बघत नव्हते. ते तिच्या मागे, घराच्या दाराकडे बघत टाळ्या वाजवत होते. टाळ्या हळूहळू थांबल्या. दारातून कुणी आलं नाही. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला, आणि समोर बसलेल्या बाईंकडे वाकून ते हलक्या आवाजात म्हणाले,

"मृणालबाई आलेल्या दिसत नाहीत. तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"आहेत," मृणाल म्हणाली.

"मग त्यांच्या वतीने तुम्ही घ्याल का?"

मृणाल खुर्चीतून उठली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि तो कागद घेतला.

"पोचवते त्यांना," ती म्हणाली.