उलटा प्रोब

गौरांगच्या दोन वर्षांचा फैसला एका बोटभर नळीत व्हायचा होता. नळीत तीन दिवसांचे कोंबडीचे गर्भ. वर फॉइल गुंडाळलेली, कारण रंगाला उजेड चालत नाही.

तशी गोष्ट सोपी. जीन जिथे चालू, तिथे त्याचा प्रोब, म्हणजे त्याला जुळणारा आरएनएचा तुकडा, चिकटतो आणि ती जागा जांभळी होते. गौरांगच्या गर्भांच्या मेंदूत झकास जांभळा ठिपका यायचा. त्यावरच पेपर, त्यावरच पीएचडी. पेपर तपासणाऱ्याने एवढंच मागितलं होतं: उलटा प्रोब लावून दाखवा. उलटा प्रोब कशालाच चिकटत नाही. गर्भ पांढरेच राहायला हवेत.

"दहा मिनिटं. पांढरेत!"

"सारखं उघडून काय बघतोस? भात आहे का तो?" शेजारच्या बाकावरून सुमेधाताई. मूळची पुण्याची, आठ वर्षं जर्मनीत हायडेलबर्गच्या लॅबमध्ये मुरलेली.

विसाव्या मिनिटालाही पांढरे. तिसाव्या मिनिटाला त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. मेंदूत जांभळी झाक. नेमकी तिथेच.

"ताई, जरा बघतेस?"

तिने बघितलं. "डोक्याला भोक पाडलं होतंस?"

"कसलं भोक?"

"सुईने. डोकं आतून पोकळ असतं रे. प्रोब आत शिरतो, मग कितीही धू, निघत नाही. जीन बंद असला तरी जांभळं."

"प्रोटोकॉलमध्ये नाही लिहिलेलं."

"चहा गाळून प्या, असं कोणी लिहितं का? उलटा प्रोब आधी लावलाच नव्हतास?"

"लावला ना. दीड दिवसाच्या गर्भांना. स्वच्छ आला होता."

"आल्झो... असं होय." जर्मन शब्दावरच तिचा आवाज उतरला. "तेव्हा डोकं पुढून उघडं असतं. सगळं धुऊन जातं."

गौरांग खुर्चीत बसला. "म्हणजे माझा ठिपका..."

"भोक पाडून परत कर. खरा असेल तर राहील."

"आणि नसेल तर?"

ती पुन्हा आपल्या बाकाकडे वळली.

रंग थांबवायचं द्रावण हाताशीच होतं. झाक अजून फिकी होती. आत्ता थांबवलं तर फोटोत पांढऱ्यात खपली असती. त्याने बाटली उचललीसुद्धा.

"खऱ्या प्रोबला किती वेळ देतोस?" सुमेधाताईने मान वर न करता विचारलं.

"एक तास."

"मग याला अर्धाच का?"

त्याने बाटली खाली ठेवली. फॉइल पुन्हा गुंडाळली, चारी बाजूंनी घट्ट. अजून अर्धा तास होता, आणि आत रंग चढतच होता.