खापर फुटलेला आरसा

मी डोळ्यात डोकावायचा आरसा बोलतोय. रुपयाहून जरा मोठा, खोलगट, मधोमध भोक आणि खाली मूठ. वैद्यकी शिकणाऱ्या मुलांनो, गोड बोलायला मी आलेलो नाही. राग आहे मनात, तो ऐकून घ्या.

१९२३ साली डॉक्टर लीलाधर चौधरी परीक्षा पास होऊन आले, ते मला घेऊनच. यावलकडच्या केळीवाल्यांचा मुलगा; दवाखाना थाटला धुळ्यात, देवपुराला. पाटी लावायच्या आधी त्यांनी मागची खोली अंधारी केली, खिडकीला गोणपाट ठोकून. कंदील रोग्याच्या कानामागे आणि मी डॉक्टरांच्या डोळ्याशी. उजेड मी बुबुळातून आत टाकायचा, डॉक्टरांनी भोकातून पाहायचं. दृष्टीची नस डोळ्यात शिरते तिथे एक गुलाबी टिकली दिसते. तिची कड स्वच्छ असली तर ठीक. कड पुसली जाऊन टिकली फुगली असेल, तर डोक्यात दाब वाढलाय. मग पुड्या देत बसायचं नाही.

जुनी डोकेदुखी आली की डॉक्टर आधी विचारत. सकाळी दुखतं की दिवस कलताना? खोकलं, वाकलं की वाढतं? मळमळ नसताना उलटी होते? मग मला उचलत. लोटन शिंप्याचं कपाळ दोन वर्षं रोज संध्याकाळी ठणकायचं. त्यानं तापल्या सळईचे डागसुद्धा घेतले होते. त्याची टिकली स्वच्छ निघाली, दोष नजरेचा होता. चष्मा आला आणि ठणका गेला. त्या दिवशी डॉक्टरांनी मला धोतराच्या सोग्यानं पुसलं. मला वाटलं, जन्माचा सोबती मिळाला.

कसला सोबती! दवाखान्यात गर्दी वाढली. एकेका रोग्याला अर्धा तास अंधारात घेऊन बसणार कोण? कंपाउंडर कौतिक डोकेदुखीच्या पुड्या सकाळीच बांधून ठेवू लागला. मागच्या खोलीत औषधांची खोकी आली आणि मी पेटीत गेलो.

१९३१ च्या माघात झुलाल आबा बायकोला, यशोदाबाईंना, आणि सुनेला घेऊन आले. तानुबाई तिचं नाव, वय विशीचं, पदर हनुवटीपर्यंत. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, म्हणून तिचं दुखणं आबाच सांगत होते.

"डोकं दुखस तिनं. चार महिना व्हयनात."

"सकाळी जास्त दुखतं का?"

"ते माले काय माहीत?"

पदराआडून तानुबाई सासूच्या कानाशी पुटपुटली. यशोदाबाईंनी ते मोठ्यानं सांगितलं, "सकायले भलतं दुखस म्हने. खाले वाकतच डोयासपुढे अंधार येस."

डॉक्टरांचा हात माझ्या पेटीवर आला. ते म्हणाले, "आत अंधारात बसवून हिचे डोळे पाहावे लागतील."

"परका माणूससंगे सूनले अंधारामा बसाडानी आमनामा रीत नही," आबा म्हणाले. "पुडी द्या. सारा लोके पुडीवरच बरा व्हतस."

बाकड्यांवरची माणसं कान टवकारून होती. एक वाक्य पुरलं असतं: सासूबाईंना शेजारी बसवा, आबा, तुम्हीही दारात उभे राहा. पूर्वी डॉक्टर हे वाक्य सहज बोलत. त्या दिवशी त्यांनी आबांच्या तोंडाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि पेटीवरचा हात काढून घेतला. कौतिकनं पंधरा पुड्या दिल्या. त्या संपल्या की गावाकडचं कुणीतरी येऊन आणखी नेई. तानुबाईला पुन्हा आणा, असा निरोप एकदाही गेला नाही.

श्रावणात ती आली, नवऱ्याचा हात धरून. आता आबा स्वतःच मागच्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "न्या तिले मझार."

खोकी बाजूला सारली. कंदील तिच्या कानामागे लावला, मला बाहेर काढलं. मी उजेड आत टाकला. टिकली पांढरीफटक पडली होती. दाबानं नस सुकून गेली होती.

तेवढ्यात तिनं विचारलं, "डॉक्टर, दिवा लाया का?"

कंदिलाची धग तिच्या गालाला लागत होती. माघात पाहिलं असतं तर तिला मुंबईला पाठवता आलं असतं. कवटीत वाट करून दाब उतरवतात तिथे. दुखणं बरं झालं असतं की नाही, ते मला ठाऊक नाही. डोळे बहुधा राहिले असते.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "तवय पाह्यतात तर डोया वाचतात का?"

"तेव्हा आरशातही काही दिसलं नसतं, आबा."

आबांना त्यानं बरंच वाटलं असावं. मला मात्र कुणी धोंड्यावर आपटल्यासारखं झालं.

खोटं घरात ठेवलं की पोसलं जातं. गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे १९४६ साली, तुमच्यातले चौघे डॉक्टरांकडे शिकायला आले होते. डॉक्टरांनी मला तुमच्यापुढे ठेवून तानुबाईची हकीकत सांगितली. म्हणाले, "मी तिला वेळेवर आरशानं तपासलं होतं. आरशात काही दिसलं नाही. त्याच्यावर फार विसंबू नका." तुम्ही माना डोलावून ते वह्यांत उतरवून घेतलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मला पुन्हा वापरा, असं मी म्हणत नाही. आता विजेवरचे चांगले आरसे निघालेत, ते घ्या. तेवढं वहीतलं वाक्य खोडा. तानुबाई अजून आहे. चाळीसगावजवळ माहेरी राहते, भिंत चाचपत चुलीपर्यंत जाते. आरशालाही काही दिसलं नव्हतं, असं तिलाही कुणीतरी सांगितलंय आणि तिनं ते खरं मानलंय. तिच्याकडे जा आणि सांगा, बाई, तेव्हा कुणी पाहिलंच नव्हतं.