परकराखालचा वरवंटा

मी गुऱ्हाळावरचा तराजू बोलतोय. खोटं बोलणं माझ्या जातीत नाही. एकदाच बोललो, ते सांगून टाकतो.

माझा मालक पुंजाराम. एरवी माझ्यात गुळाच्या ढेपी तोलायच्या. चैत्रात देवीच्या जत्रेला मात्र एका पारड्यात गावातल्या बनुबाईची लेक चांगुणा बसायची. बनुबाईची दोन लेकरं गेली, ही तिसरी जगली. तेव्हा बनुबाईनं नवस केला, दरसाल लेकीच्या भारोभार गूळ वाटीन.

लेक वाढत गेली. तेराव्या साली भरली पुरी दोन मण! "बाळसं बघा माझ्या लेकीचं," म्हणत बनुबाई तिला वाटीवाटीनं काकवी पाजायची. मान काळी पडली, तर मळ समजून विटेच्या तुकड्यानं घासायची. पोर कळवळायची.

सन शेहेचाळीसच्या पौषात मिशनची नर्स मरियाबाई गावात आली. चांगुणा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. लघवीला बसे तिथं मुंग्या लागत. मरियाबाईनं निळ्या औषधात लघवी उकळली. ती विटकरी झाली.

"साखर जातेय लघवीतून. गोड बंद करा. आणि वजन घटलं, तर त्याच दिवशी नगरला आणा. सुईचं औषध आहे."

चैत्र आला. परकराची नाडी दोनदा आवळावी लागली, तेव्हा लेक घटल्याचं बनुबाईला कळलं. पण तिला भीती वाटली ती भलतीच. वजन घटलं तर देवीचा गूळ घटणार, अन् देवी दिलेलं परत नेणार!

तिनं पारड्यात पाच शेरांचा वरवंटा ठेवला, वर लेकीला बसवून परकर पसरला.

"आये, टोचतंय."

"गप बस, बाय. देवीचं हाय."

मरियाबाई मुद्दाम आली होती. "वजन कसं आहे?"

"मागल्या सालाइतकंच. तुमीच बघा की!"

पुंजारामनं तेवढ्याच ढेपी चढवल्या. पारडी समान झाली. मरियाबाईचा जीव भांड्यात पडला आणि ती पुढच्या गावाला गेली. अगं, परकर उचलून बघ ना! माझ्या साखळ्या नुसत्या कुरकुरल्या.

नवव्या दिवशी चांगुणा गेली. आधी ओकाऱ्या, मग धाप, मग शुद्धच हरपली.

तीन वर्षं झाली. मी गंजत चाललोय. बायांनो, लेकरू घटलं तर घटलं म्हणा. देवीला कसला आलाय राग!

बनुबाई अजून दर चैत्रात येते. गूळ आणत नाही. एका पारड्यात तो वरवंटा ठेवते. रिकामं पारडं वर जातं, त्याच्याकडे बघत बसते.

"एवढीच घटली हुतीस गं, चांगुणा. एवढंच सांगायचं हुतं."