खालून कापायचं असतं

मी एक पोलादी पट्टी. तीस सेंटीमीटरची आणि डोकं फिरलेली. का फिरणार नाही? एकोणीस वर्षं वर्तमानपत्राच्या टेबलावर काढली, पण मोजण्यापेक्षा लोकांनी माझ्याने पाठी खाजवल्या आणि डब्यांची झाकणं उचकटली.

माझी कदर एकट्या दादाला. तो उपसंपादक. पान लावताना बातमी लांबली की नवख्यांवर खेकसायचा, "खालून काप! महत्त्वाचं वर असतं." मोठा माणूस गेला तर अर्धं पान, साधा माणूस गेला तर चार सेंटीमीटर.

मग सगळं मोबाइलवर गेलं. तिथे बातमी नुसती खाली खाली सरकत राहते. मोजू काय, कपाळ! एका मंगळवारी अकरा जणांना घरी बसवलं. दारात पहारेकरी म्हणाला, "साहेब, पट्टी कंपनीची आहे."

"मीही कंपनीचाच होतो. मला ठेवताय का?" दादाने मला बाहीत सरकवलं आणि चालू लागला.

पाच महिन्यांत दादा गेला.

त्याचा धाकटा भाऊ मला पिशवीत घालून, निधनाची बातमी द्यायला तणतणत त्याच ऑफिसात गेला. येत्या रविवारी छापील अंक कायमचा बंद होणार होता.

"ऑनलाइन देऊ ना," टेबलामागच्या बाई म्हणाल्या. "हवं तेवढं लिहा."

"दादा कागदावरचा माणूस. कागदावरच येईल."

"मग चारच सेंटीमीटर मिळतील हं."

त्याने लिहिलं, बाईंनी टाइप करून छापून दिलं. मला त्यावर ठेवलं तर अकरा! त्याने कात्री उचलली. खालून काप रे शहाण्या, मी आतल्या आत ओरडले. पठ्ठ्याने वरून कापलं! हुद्दा गेला, एकोणीस वर्षं गेली, नावही गेलं. उरलं एवढंच:

'पाचवीत मी शाळा सोडली तेव्हा दादाने मारलं नाही. रोज पेपर पुढ्यात टाकायचा, म्हणायचा, मोठ्यानं वाच. चुकलो तरी कधी हसला नाही. दादा, हे मी लिहिलंय.'

"अहो, नावच उडालं की!"

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

मी मोजलं. बरोबर चार. तसंच छापून आलं.

आता मी धाकट्याच्या स्वयंपाकघरातल्या खणात असते. कालच कुणीतरी माझ्याने झाकण उचकटलं. सुधारायची नाहीत ही माणसं! मला हात नाहीत, तरी जोडून सांगते: खाजवा, उचकटा, काय हवं ते करा. पण उचलाल तेव्हा हळू उचला. माझ्याखाली ते कात्रण आहे.