बाबांची मोसंबी

झाड लावणारा माणूस कधी मरत नाही, असं बाबांच्या शोकसभेत शेजारचे निवृत्त प्राचार्य म्हणाले. तेव्हा बाबा हार घातलेल्या फोटोत होते आणि घराच्या नव्या मालकाने परसातल्या त्यांच्या मोसंबीवर तोडण्यासाठी चुन्याची फुली मारून ठेवली होती.

"झाड येणार असेल तर मी येईन," आई म्हणाली.

जंगली लिंबाच्या खुंटावर बाबांनी स्वतः बांधलेलं कलम होतं ते. अख्खं झाड थोरल्या मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेणं शक्य नव्हतं. थोरल्याने बुंध्याशी जमिनीतून आलेले चार फुटवे मुळांसकट उपटले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावले. डब्यांना भोकं पाडायला सुनेची मनाई होती. "खालच्या टाइल्स नव्या आहेत," ती म्हणाली.

तीन फुटवे मुळं कुजून गेले. चौथ्याचा डबा टेम्पोतून उतरवताना पडून तडकला होता, म्हणून तो जगला. आईने आपली खाट गॅलरीच्या दाराशी ओढून घेतली.

"अहो, आज मलूल दिसताय," ती त्याला म्हणायची.

"आई, त्याला ऐकू येत नाही," थोरला म्हणायचा.

"जिवंतपणी तरी कुठे ऐकायचे!"

आई पोटभर जेवू लागली. फुटवाही जोमात वाढला. मग धाकटी लेक राहायला आली आणि पानं पुसताना बोट तोंडात घालून ओरडली, "आई गं! बाबांच्या मोसंबीला एवढे काटे कुठे होते?"

आईने चष्मा लावला. काटा निरखून पाहिला.

"तुमचे बाबा जन्मभर जे फुटवे खुडून टाकायचे ना, ते हेच. कलमाच्या खालून यायचे. फुकटखाऊ म्हणायचे त्यांना."

थोरल्याने मोबाइलमध्ये पाहिलं. खालून आलेला फुटवा खुंटाचाच असतो, कलमाचा नसतो, असं तिथे लिहिलं होतं. "अगं, पण पानं बरीचशी सारखीच आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे त्यांना तिथेच तोडलं आपण," आई म्हणाली.

त्या दिवसापासून तिने झाडाला पाणी घातलं नाही आणि अहोही म्हटलं नाही. जेवण अर्ध्यावर आलं, मग चमच्यावर. उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

डबा टाकून द्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. एसीचं पाणी ठिबकत होतं, त्यावर झाड तगलं. काही वर्षांनी त्याला लिंबं आली. ती इतकी आंबट की तोंडात धरवत नाहीत. सून त्यांनी बाथरूमच्या नळांवरचे पांढरे डाग घासते. डाग निघतात.