पडायची गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, पडायची! सिनेमासाठी उंचावरून उड्या मारणारी माणसं माझ्यावर येऊन पडतात.

मला एका मामांनी घरीच शिवलं. ते सिनेमातल्या मारामाऱ्या बसवत. त्यांची भाची नायिकांच्या जागी उड्या मारू लागली, तेव्हा ते म्हणाले, "हाडं घरची, मग गादीही घरचीच!" पुढे कितीतरी वर्षं मी तिला झेललं.

मग एका मारधाडीच्या सिनेमाचं काम आलं. पैसा बेताचा होता. पण बेताच्या पैशात झालेली सुंदर कामं मी पाहिली आहेत. इथे दिग्दर्शकच धड नव्हते. सकाळी ठरवलेलं दुपारी विसरायचे आणि खापर दुसऱ्यांवर फोडायचे.

भाचीने गच्चीवरून उडी मारली. काय उडी होती! हवेत गिरकी घेऊन ती अगदी माझ्या मधोमध उतरली. टाळ्या पडल्या. दिग्दर्शक मात्र पाठ फिरवून नायकाचे केस सारखे करून घेत होते.

"झाली पण? मी बघितलीच नाही. पुन्हा घ्या."

"सर, सगळं छान टिपलंय," कॅमेरावाला काकुळतीने म्हणाला.

"पुन्हा म्हणजे पुन्हा! आणि ती गादी चित्रात येतेय, सरकवा."

"गादी हलली तर उडी होणार नाही," मामांनी ठणकावलं. दिग्दर्शकांनी मान डोलावली. पण मामा भाचीबरोबर वर जाताच त्यांनी मला हातभर बाजूला ओढायला लावलं; वरून ते लक्षात येण्यासारखं नव्हतं. मित्रांनो, मला हातपाय नाहीत, तोंड नाही. मी नुसती चडफडत राहिले.

तिने उडी मारली. अर्धी माझ्यावर आली, पाय मात्र फरशीवर आपटला. घोट्याचं हाड मोडलं.

सिनेमा लागला. प्लास्टरमधला पाय सांभाळत ती मामांबरोबर पाहून आली आणि माझ्यावरच बसली.

"मामा, उडीच्या वेळी पडद्यावर माझ्याऐवजी नायकाचा गॉगल! आणि मी खाली पडते तेव्हा माझ्या पायाशी, सरकवूनही, या गादीचा निळा कोपरा. लोक खदाखदा हसले."

"आणि ती पहिली उडी?"

"कापली."

मामांनी सुईदोरा काढला आणि ते माझी उसवलेली शिवण घेऊन बसले.

पाय बरा झाल्यावर भाची पुन्हा कामावर गेली. आता उडी होईपर्यंत मामा खालीच, माझ्याशेजारी उभे असतात. कोणी कितीही बोलावलं तरी हलत नाहीत.

मित्रांनो, फसलेल्या सिनेमाला खुशाल हसा. पण तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून कोणी उडी घेणार असेल, तर त्याच्या खालची गादी तेवढी सरकवू नका.