पांढऱ्या कॅनमधल्या माश्या

धनुबाईच्या परसात मधमाश्यांची पाच घरं होती आणि पाचही प्लॅस्टिकची. खापर गावच्या बाजारात लाकडी पेटी मिळत नाही, मिळाली तरी धनुबाई ती घेणारी नव्हती. लग्नकार्यात, भंडाऱ्यात गोडेतेलाचे डबे रिकामे होतात. लोक ते उकिरड्यावर फेकतात, आणि ही बाई ते पदराखाली झाकून घरी आणते. डबा आडवा टाकायचा, तापल्या सुरीने वरचा भाग कापायचा, आत बांबूच्या कामट्या रांगेने बसवायच्या, कामटीच्या पोटाला मेणाची रेघ ओढायची. खाली माशीपुरती भोकं पाडायची. मग वरून गोणपाट गुंडाळून शेणमातीने लिंपून टाकायचं, नाहीतर चैत्राच्या उन्हात मेण वितळून खाली येतं. इतकं केलं की सातेरी जातीच्या या माश्या त्या डब्यात सुखाने नांदतात. त्यांना काय, ढोलीही चालते आणि डबाही.

चार डबे तेलाचे होते, त्यांच्याबद्दल कोणाची कधी तक्रार नव्हती. खरा घोळ पाचव्याने केला.

महिन्यापूर्वी रस्ता रुंद करायला नाक्यावरचं जुनं जांभळाचं झाड पाडलं. त्याच्या ढोलीतल्या माश्या बेघर होऊन तुटक्या फांदीला घोसाने लटकल्या. यंत्रवाला धूर करून त्यांना मारायच्या बेतात होता. धनुबाई मध्ये पडली. उघड्या हातांनी तिने तो घोस ओंजळी-ओंजळीने सुपात घेतला, राणी माशी दिसली तेव्हा तिला बोटावर चढवून घेतलं. एकही माशी चावली नाही. सूप डोक्यावर घेऊन चालताना ती त्यांच्याशी बोलत होती, हे अर्ध्या बाजाराने ऐकलं.

"चाला वं माय, मन्हा घर चाला. तठे तुमले कोनी हात लावाव नही."

तर अशा मानाच्या पाहुण्या. त्यांना तेलकट वासाचा डबा द्यायला तिचा जीव होईना. नव्या सुनेला जशी घरातली बरी खोली देतात, तसं काहीतरी चांगलं तिला हवं होतं. भरत हलवायाच्या दुकानामागे पांढरीशुभ्र, रुंद तोंडाची कॅन पडलेली होती. "ने, काकू," तो म्हणाला. कॅन राखेने घासली, लिंबाने घासली, तरी आतून गोड घमघमाट येतच राहिला. धनुबाई हरखली. एवढं वासाचं घर कोणत्या माशीला मिळालंय?

आणि त्याच माश्या महिन्याभरात पिसाळल्या.

सकाळी त्या बऱ्या असायच्या. ऊन चढलं की त्यांचं डोकं फिरायचं. समोरून जाणाऱ्यावर धावून जायच्या, केसांत घुसायच्या. शेजारच्या कमलीबाईची शेळी त्यांनी अशी फोडून काढली, की ती दोन दिवस चाऱ्याला तोंड लावेना. धनुबाईचा नवरा उखा बिचारा अंगणात दाढी करायला बसला होता, त्याच्या डोळ्यावर एकीने डंख मारला आणि अर्ध्या तोंडाचा भोपळा झाला. एका डोळ्याने बाजार करणाऱ्या उखाला लोक हसले. माणसाला डंख सोसतो, हसू सोसत नाही.

गल्ली जमली. कमलीबाई पुढे होती.

"धनुबाय, मन्ही शेळी मरता मरता वाचनी. आज शेळी, उद्या मानूस. काय करशी तवय?"

कोणी म्हणालं झाड पाडल्याचा कोप आहे, कोणी म्हणालं माश्यांची जातच वाईट. शेवटी उखानेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आज सांजले त्या कॅनले काडी लावस मी. बोलनं संपनं."

लोक गेले. उखाने रॉकेलचा बोळा करून ओट्यावर ठेवला आणि तो कांदे भरायला निघून गेला.

धनुबाईने दुसरं कोणतंही काम हातात घेतलं नाही. ती परसात निंबाच्या सावलीत, तेलाच्या डब्यांशेजारी जाऊन बसली. पांढरी कॅन पलीकडे कुंपणाशी होती आणि तिच्यातून रागीट गुणगुण इथवर येत होती. तिला फार वाईट वाटत होतं. या माश्या आपल्याकडे मागायला आल्या नव्हत्या, आपणच त्यांना बोलावून आणलं. बोलावून आणलेल्याला कोणी जाळतं का? पण शेळीचं सुजलेलं तोंडही तिने पाहिलं होतं, आणि उद्या एखादं रांगतं पोर त्या बाजूला गेलं तर? उखाचं चुकतंय असं म्हणायलाही तोंड नव्हतं. तेच जास्त जाळत होतं.

सोमवार होता, उपास होता. भूक नव्हती, पण डोकं गरगरायला लागलं तेव्हा तिने पदरातलं केळं काढलं. चांगलं पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं. सोललं, एक घास घेतला.

शेजारच्या तेलाच्या डब्यातून माश्या भसकन बाहेर आल्या.

या तिच्या गरीब गाईसारख्या माश्या! दोन वर्षांत त्यांनी तिला कधी ओरखडा काढला नव्हता. आज त्यांनी केळं धरलेल्या हाताला एकामागून एक डंख दिले. तोंडाकडे आल्या त्याही ओठांकडेच. धनुबाईने केळं फेकलं आणि ती पळाली. वळून पाहते तर माश्या तिच्या मागे नव्हत्याच, त्या पडलेल्या केळ्यावर तुटून पडल्या होत्या.

ओट्यावर बसून तिने डंख काढले. हात भणभणत होता. सवयीने तो तोंडाशी नेऊन तिने फुंकर घातली, आणि तशीच थांबली. हाताला वास येत होता. पिकल्या केळ्याचा. हा वास तिने दुसरीकडे कुठे घेतला होता बरं?

डोक्यावरून गोधडी ओढून ती वाकत वाकत पांढऱ्या कॅनच्या मागच्या बाजूने गेली. लिंपणाचा पोपडा निघालेल्या जागी प्लॅस्टिक उन्हाने चटके देत होतं. तिथे तिने नाक लावलं.

केळं! नुसतं केळं!

ती तशीच गोधडीसकट भरत हलवायाच्या दुकानात गेली. गिऱ्हाइकं बघतच राहिली.

"भरत, त्या पांढऱ्या कॅनमा काय व्हतं रे?"

"केयाना इसेन्स, काकू. कुल्फीमा टाकाना." तो हसला. "काब्रं? माश्यासले कुल्फी पायजे का?"

धनुबाई हसली नाही, पण तिला भर बाजारात नाचावंसं वाटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! माश्या वाईट नव्हत्या. तिनेच लाडाने त्यांना डिवचणाऱ्या वासात कोंडलं होतं. माशी डंख मारते तेव्हा असाच केळ्यासारखा वास सोडते, तीच बाकीच्यांना वैऱ्याची वर्दी. कॅन तापली की वास सुटायचा, वास सुटला की माश्यांना वाटायचं कोणी वैरी आलाय. दिवसभर बिचाऱ्या त्या न दिसणाऱ्या वैऱ्याशी भांडत होत्या.

उखा घरी आला तेव्हा ती तूरडाळीचा मोठा डबा रिकामा करून कापत बसली होती. डाळ लुगड्यावर पसरलेली. तिने सगळं सांगितलं. उखाने बऱ्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं.

"गल्लीले काय सांगू? बायको केयं खाई ऱ्हायंती, तठे तिले ग्यान व्हयनं?"

"जे सांगनं व्हयी ते सांगा. पन चूक मन्ही शे, जाळाना त्यासले का?"

उखाने खाली पाहिलं. रॉकेलचा बोळा त्याच्या पायाशी होता.

"येक दुपार देस," तो म्हणाला. "उद्यानी दुपार. येक मानूसले बी चावन्या, का मंग तू आडवी येऊ नको."

ऊन उतरल्यावर तिने हात राखेने खसाखसा धुतले. कॅनचं तोंड उघडलं. कोवळी पोळी अलगद कापून ती नव्या कामट्यांना सुती दोऱ्याने बांधली आणि माश्यांना ओंजळीने डाळीच्या डब्यात सोडलं, जांभळाखाली केलं होतं तसंच. उखा लांबून कंदील धरून उभा होता. राणी डब्यात शिरली, तशा उरलेल्या माश्या तिच्या मागे रांगेने चालत गेल्या. पांढरी कॅन धनुबाईने गावाबाहेरच्या खड्ड्यात पुरून टाकली.

रात्री तिला झोप लागली नाही. घर आवडलं नाही की माश्या उठून जातात. पण सकाळी डब्याच्या भोकाशी ये-जा चालू दिसली, आणि तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा दुपारवर टांगलेला होता.

दुपार आली. पत्रे तडतडायला लागले. कमलीबाई कुंपणापलीकडे पदराने तोंड झाकून उभी, तिच्यामागे आणखी दोन-चार बाया. उखा ओट्यावर, दाराच्या कडीला हात लावून, पळायच्या तयारीत. धनुबाई एकटी डब्यासमोर जाऊन मांडी घालून बसली. तोंड उघडं, हात उघडे.

कालपर्यंत याच वेळी माश्या वेड्या व्हायच्या. आज त्या बाहेर येत होत्या, एक गिरकी घेऊन निंबाच्या मोहोराकडे निघून जात होत्या. परत येत होत्या. मध्ये कोण बाई बसली आहे याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. एक माशी तिच्या मनगटावर उतरली. बाया एक पाऊल मागे सरल्या. माशीने घाम चाटला, पाय पुसले आणि उडून डब्यात गेली.

ऊन कलेपर्यंत धनुबाई तिथून हलली नाही. कमलीबाई केव्हाच कंटाळून घरी गेली होती आणि जाताना तिने आपली शेळी पुन्हा कुंपणाशी बांधली होती.

उखा हळूहळू जवळ आला. बायकोचे गाल ओले दिसले तसा तो दचकून मागे सरला.

"काब्रं रडी ऱ्हायनी? चावनी का?"

धनुबाईने मान हलवली. तिला हसूही येत होतं आणि हुंदकाही आवरत नव्हता.

"नही," ती म्हणाली. "चावनी नही ना, म्हनीसन."